पुणे जिल्ह्यातील कॅराव्हॅन पर्यटन

कॅराव्हॅन पर्यटन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेल्या वाहनातून प्रवास करून त्याच वाहनात मुक्काम करण्याचा पर्यटनप्रकार होय. पुणे जिल्ह्यात हा प्रकार मुख्यतः हिंजवडी, पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातून निघून सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या पवना, मुळशी, ताम्हिणी व भीमाशंकर या परिसरांत जाणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या सहलींच्या रूपात आढळतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले.

अमेरिकेतील राज्य उद्यानांमध्ये वाहनासाठी आखलेली जागा, वीजजोडणी, नळ व मैलापाणी रिकामे करण्याची व्यवस्था यांसह शासकीय तळ उपलब्ध असतात. महाराष्ट्रात अभयारण्य, धरणाचा जलाशय, गड आणि शेतजमीन यांचे मालक व नियम वेगवेगळे आहेत. त्यामुळे येथील सहलीच्या नियोजनात वाहनाच्या निवडीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मुक्कामाची जागा कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

## संज्ञा व प्रकार

‘कॅराव्हॅन’ हा शब्द व्यापाऱ्यांच्या किंवा यात्रेकरूंच्या तांड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘कारवान’ या फारसी शब्दावरून आला आहे. सध्या या वाहनांचे स्थूलमानाने पुढील प्रकार पडतात:

* मोटर कॅराव्हॅन – इंजिन व निवासाचा भाग एकाच सांगाड्यावर असलेले वाहन. भारतात ते बहुधा मिनीबस किंवा मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधले जाते.
* कॅम्पर व्हॅन – लहान व्हॅनमध्ये घडीचा पलंग, शेगडी व पाण्याची टाकी बसवून तयार केलेले वाहन. त्यात स्वच्छतागृह असतेच असे नाही.
* ट्रेलर कॅराव्हॅन – स्वतःचे इंजिन नसलेले व दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढले जाणारे घर. एक आसाचे, दोन आसांचे व घडीचे असे त्याचे उपप्रकार आहेत.
* छतावरील तंबू – मोटारीच्या टपावर बसवलेला, शिडीने चढून जाण्याचा तंबू. काटेकोर अर्थाने ही कॅराव्हॅन नसली तरी सहलीचे नियोजन बरेचसे सारखेच असते.

## पार्श्वभूमी

केवळ सहलीसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून ‘वाँडरर’ या घोडागाडीचा उल्लेख केला जातो. ती १८८५ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टर-लेखकासाठी तयार करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा प्रसार झाला, तसा हा प्रकार युरोप व अमेरिकेत मध्यमवर्गापर्यंत पोहोचला.

निवासाची सामग्री बरोबर घेऊन प्रवास करण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. आळंदी व देहू येथून पंढरपूरकडे निघणाऱ्या पालख्यांबरोबरच्या दिंड्या राहुट्या, शिधा, भांडी व पाण्याचे टँकर घेऊन चालतात आणि दररोज नवा तळ उभा करतात. देहूहून निघणारी संत तुकाराम महाराजांची पालखी पिंपरी-चिंचवड शहरातूनच पुढे जाते. मात्र वारीचे तळ परंपरेने ठरलेले असतात आणि त्यांच्यासाठी ग्रामपंचायती व जिल्हा प्रशासन पाणी, वीज व फिरत्या शौचालयांची सोय करतात. एकट्या कुटुंबाच्या कॅराव्हॅन सहलीला अशी व्यवस्था मिळत नाही. ती सोय सहल आखणाऱ्यालाच करावी लागते.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव होय. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभारल्यानंतर गावाचे रूप पालटले. पिंपरी, आकुर्डी व चाकण येथे वाहननिर्मितीचे मोठे कारखाने आहेत, तर कोथरूड येथे वाहनांची चाचणी व प्रमाणन करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. वाहन उद्योग, आठवड्याच्या शेवटी सुटी असणारा नोकरदार वर्ग आणि तास-दोन तासांच्या अंतरावरील सह्याद्री या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत.

## शासकीय धोरण

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणास मान्यता दिली. धोरणाचे दोन भाग आहेत: कॅराव्हॅन वाहने आणि ती उभी करण्यासाठीची कॅराव्हॅन उद्याने. डोंगराळ, वनालगतच्या किंवा निसर्गदृष्ट्या संवेदनशील भागांत पक्क्या बांधकामावर निर्बंध असतात. अशा ठिकाणी निवासाची सोय करता यावी, हा धोरणामागील एक प्रमुख विचार होता.

कॅराव्हॅन उद्यानात वाहनतळ, पाणी, अंतर्गत रस्ते व वीजजोडणी या मूलभूत सुविधा अपेक्षित आहेत. असे उद्यान खाजगी जमिनीवर किंवा पर्यटन विकास महामंडळाच्या जागेवर उभारता येते. व्यावसायिकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते व पर्यटन धोरणातील काही सवलतींचा लाभ मिळू शकतो. महाराष्ट्राच्या पाठोपाठ त्याच वर्षी केरळनेही कॅराव्हॅन पर्यटनाची योजना जाहीर केली.

या धोरणाबरोबरच २०२० सालचे कृषी पर्यटन धोरण व २०२१ सालचे साहसी पर्यटन धोरण यांचाही या विषयाशी संबंध येतो. कॅराव्हॅन उद्यान जवळ नसेल, तर पाणी व वीज असलेले कृषी पर्यटन केंद्र हा मुक्कामाचा व्यवहार्य पर्याय ठरतो. तेथे जागेचा मालक समोर असतो आणि व्यवहार उघड असतो.

## वाहनविषयक नियम

मोटर वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा मोटर वाहनच मानले जाते. त्यामुळे ओढून नेण्याच्या कॅराव्हॅनची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. मोटर कॅराव्हॅनच्या बांधणी व प्रमाणनासाठी ‘एआयएस-१२४’ हे मानक लागू आहे.

नेहमीच्या व्हॅनमध्ये स्थानिक गॅरेजमधून बदल करून घेण्याचा मार्ग स्वस्त वाटला तरी कायदेशीरदृष्ट्या नाजूक आहे. अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालात, उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही, असे स्पष्ट केले. नोंदणी पुस्तिकेत न नोंदवलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. भाड्याने घेतलेल्या कॅराव्हॅनच्या बाबतीत व्यावसायिक नोंदणी, परवाना, विमा व योग्यता प्रमाणपत्र यांची मुदत प्रवासापूर्वी तपासणे आवश्यक ठरते.

## मुक्कामाची जागा

### पवना परिसर

पवना धरण मावळ तालुक्यात पवना नदीवर असून हिंजवडीपासून रस्त्याने सुमारे ३५ ते ४० किलोमीटर अंतरावर आहे. सोमाटणे फाटा किंवा कामशेतमार्गे पवनानगरला पोहोचता येते. लोणावळ्याकडून दुधिवरे खिंडीतून येणारा रस्ता चढ-उताराचा व वळणांचा असल्याने लांब वाहनांना तो तुलनेने अवघड जातो. जलाशयाभोवती लोहगड, विसापूर, तिकोना व तुंग हे किल्ले आहेत. काठावरील तंबू-निवासामुळे हा परिसर पुणे व मुंबईकरांमध्ये विशेष परिचित झाला आहे.

जलाशयाच्या काठची जमीन एकसारखी नाही. पूर्णसंचय पातळीच्या आतील जमीन धरणासाठी संपादित केलेली असून ती जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी सपाट गाळाची जमीन, म्हणजेच गाळपेर जमीन, हंगामी लागवडीसाठी तात्पुरत्या भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत राज्यात आहे. त्या पातळीबाहेर शेतकऱ्यांची मालकीची जमीन व भातखाचरे आहेत. मोटार थेट पाण्यापर्यंत नेता येईल अशी जागा बहुधा गाळपेर पट्ट्यात असते. ती मोकळी दिसली तरी सार्वजनिक तळ नव्हे, आणि तेथे पैसे घेणारी प्रत्येक व्यक्ती जमिनीची मालक असतेच असेही नाही. जमीन कोणाच्या नावे आहे हे सातबारा उताऱ्यावरून कळते. हा उतारा महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर गट क्रमांकाच्या आधारे पाहता येतो.

### मुळशी व ताम्हिणी

हिंजवडीहून माण, घोटावडे व पौडमार्गे मुळशी धरणाकडे जाता येते. हे धरण वीजनिर्मितीसाठी टाटा समूहाने बांधले. जमिनी बुडण्याच्या विरोधात १९२१ साली येथे मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. धरण व जलाशय कंपनीच्या ताब्यात असल्याने काठावर कोठेही वाहन उभे करण्याची मोकळीक नाही.

पुढे ताम्हिणी घाट लागतो. त्या परिसरातील वनक्षेत्र २०१३ साली ताम्हिणी अभयारण्य म्हणून घोषित झाले. घाटात अतिवृष्टी, धुके व दरड कोसळण्याचे प्रकार पावसाळ्यात वारंवार घडतात. त्यामुळे त्या काळात जड वा उंच वाहनाने हा मार्ग टाळणे श्रेयस्कर मानले जाते.

### भीमाशंकर अभयारण्य

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. सुमारे १३१ चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे अभयारण्य पुणे, ठाणे व रायगड जिल्ह्यांत पसरले आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूचे ते महत्त्वाचे वसतिस्थान आहे. भीमा नदीचा उगम व बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे मंदिर येथे आहे.

हिंजवडीहून हे अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक भरते. चाकण व राजगुरुनगरपर्यंत पुणे–नाशिक महामार्ग आहे. तेथून चासकमान जलाशयाजवळून वाडामार्गे जाता येते, किंवा पुढे मंचर, घोडेगाव व डिंभे धरणावरून. मोठ्या वाहनांसाठी मंचरचा मार्ग सामान्यतः सोयीचा मानला जातो. चाकण चौकातील कारखान्यांच्या पाळ्यांची व मालवाहतुकीची गर्दी लक्षात घेता शुक्रवारच्या सायंकाळऐवजी शनिवारी पहाटे निघाल्यास वेळ वाचतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध आहेत. सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्या व्यक्तीला त्यातून सूट असली तरी ती सूट रस्त्याने जाण्यापुरतीच आहे. कडेला वाहन लावून रात्र काढण्याची मुभा त्यातून मिळत नाही. पर्यटनासाठी प्रवेशाची परवानगी कलम २८ अन्वये दिली जाते. अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवण्यास कलम ३० ने मनाई आहे. त्यामुळे मुक्काम अभयारण्याच्या सीमेबाहेर, पर्यटन विकास महामंडळाच्या किंवा गावातील परवानगी असलेल्या निवासस्थळी करून दिवसा अभयारण्य पाहणे हाच रूढ मार्ग आहे. महाशिवरात्र व श्रावणात मंदिराकडे जाणारी खाजगी वाहने काही किलोमीटर अलीकडे थांबवली जातात. त्या दिवसांत कॅराव्हॅनने येणे गैरसोयीचे ठरते.

## सहलीचे नियोजन

### पाणी

भारतातील शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण सामान्यतः गृहीत धरले जाते. कॅराव्हॅनमध्ये १०० लिटरची टाकी असल्यास चार व्यक्तींना दोन दिवसांसाठी दरडोई दररोज केवळ साडेबारा लिटर पाणी मिळते. पिण्याचे पाणी वेगळे ठेवल्यास हे पाणी हात-तोंड धुणे, भांडी व शौचासाठी पुरते. रोजच्या अंघोळीला पुरत नाही. म्हणून दर दिवशी टाकी भरता येईल अशी जागा मार्गावर आधीच ठरवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीच्या पायथ्याच्या अनेक वाड्यांना स्वतःलाच पाणीटंचाई जाणवते. त्या काळात गावच्या विहिरीवर किंवा टँकरवर विसंबून राहणे योग्य ठरत नाही.

### वीज

१२ व्होल्ट व १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १.२ युनिट वीज साठते. शिसे-आम्ल बॅटरी असल्यास तिचे आयुष्य टिकवण्यासाठी यातील निम्मीच वापरली जाते. सरासरी ५० वॅट घेणारा लहान शीतकपाट २४ तासांत तितकीच, म्हणजे १.२ युनिट वीज खर्च करतो. एक किलोवॅटचा वातानुकूलक हीच वीज तासा-सव्वा तासात संपवतो. त्यामुळे वातानुकूलकासाठी बाहेरील २३० व्होल्टची जोडणी किंवा जनित्र लागते. शेतातील तात्पुरत्या जोडणीचा वापर करताना भूसंपर्कन (अर्थिंग) व गळतीरोधक स्विच तपासणे आवश्यक असते.

### सांडपाणी व मैलापाणी

स्वयंपाक व अंघोळीचे सांडपाणी एका टाकीत, तर शौचालयातील मैलापाणी दुसऱ्या टाकीत साठते. मैलापाण्याची टाकी केवळ कॅराव्हॅन उद्यानातील ठरावीक ठिकाणी किंवा मालकाच्या संमतीने शोषखड्डा वा सेप्टिक टाकी असलेल्या जागी रिकामी करता येते. टाकीत वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांमुळे सेप्टिक टाकीतील जिवाणू मरतात, म्हणून तशी पूर्वकल्पना मालकाला द्यावी लागते. हे ठिकाण आधी निश्चित झाले नसेल तर वाहनातील शौचालय न वापरता मुक्कामाच्या जागेवरील शौचालय वापरणे हा सुरक्षित पर्याय होय.

### ऋतू व रस्ते

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल समजला जातो. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहण्यासाठी भीमाशंकर व राजमाची भागांत गर्दी होते. वाहनांचे दिवे व मोठा आवाज यांमुळे काजव्यांच्या मीलनात व्यत्यय येतो. पावसाळ्यात भातखाचरांची व काठाची जमीन इतकी मऊ होते की दोन-तीन टनांचे वाहन रुतल्यास ते काढण्यासाठी ट्रॅक्टर किंवा जेसीबी बोलवावा लागतो. बांध फुटून पिकाचे नुकसान होते ते वेगळेच.

गावरस्त्यांवर वाहनाची उंची व वजन हे दोन निकष महत्त्वाचे असतात. खाली लोंबणाऱ्या वीजतारा, झाडांच्या फांद्या, ग्रामपंचायतींच्या कमानी आणि जुने पूल यांची माहिती शक्यतो मुक्कामाच्या मालकाकडून आधीच घेतली जाते.

## सुरक्षितता

* पाणी – ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाच्या मागील धबधब्यात अचानक आलेल्या लोंढ्याने एकाच कुटुंबातील पाच जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने धरणे, धबधबे व घाटांतील पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. असे आदेश पावसाळ्यात नव्याने निघतात. त्यामुळे निघण्यापूर्वी त्या वर्षीचा आदेश पाहणे आवश्यक असते. धरणाचा काठ उथळ वाटला तरी आत जुने बांध, विहिरी व गाळ असतो.
* दरडी – ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळून दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. हे गाव डिंभे जलाशयाच्या परिसरात आहे. पावसाळ्यात उतारालगत किंवा ओढ्याच्या पात्रात वाहन उभे करणे धोक्याचे असते.
* पूल – १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चार जणांचा मृत्यू झाला.
* वायू – बंद वाहनात किंवा तंबूत कोळशाची शेगडी पेटवल्यास, अथवा जनित्राचा धूर आत शिरल्यास, कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग वा वास नसल्याने झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. स्वयंपाकाच्या वेळी वायुवीजन ठेवणे, झोपताना सिलिंडरची झडप बंद करणे व कार्बन मोनॉक्साइड दर्शक यंत्र बसवणे हे त्यावरील उपाय होत.

## पर्यावरण व स्थानिक समाज

पवना धरण हे पिंपरी-चिंचवड शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख आधार आहे. धरणातून नदीत सोडलेले पाणी महापालिका रावेत येथील बंधाऱ्यावरून उचलते व शुद्ध करून शहराला पुरवते. साहजिकच, काठावर मुक्काम करणाऱ्या शहरी पर्यटकाने जलाशयात सोडलेले सांडपाणी त्याच्याच शहराच्या पाण्याच्या स्रोतात मिसळते.

या पाण्याला संघर्षाचाही इतिहास आहे. धरणासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न धरण पूर्ण झाल्यानंतरही अनेक दशके चालू राहिला. पवना धरणापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. त्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलकांचा मृत्यू झाला. काठावरच्या जमिनीकडे व पाण्याकडे पाहण्याची स्थानिकांची दृष्टी समजून घेताना ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे.

पर्यटनामुळे मावळ व मुळशीतील कुटुंबांना भातशेतीला जोड देणारे उत्पन्न मिळते. जेवण, जागा, वाटाड्या व वाहन दुरुस्ती अशी कामे गावातच उपलब्ध होतात. दुसरीकडे ध्वनिक्षेपक, मद्याच्या बाटल्या, प्लास्टिक व रात्रीची वर्दळ यांबाबत तक्रारीही होतात. कॅराव्हॅन स्वयंपूर्ण असल्याने तिचे प्रवासी गावात काहीही खर्च न करता केवळ कचरा मागे ठेवून जाऊ शकतात. याउलट भाजी, दूध, इंद्रायणी तांदूळ व मुक्कामाची जागा गावातूनच घेतल्यास, व कचरा परत शहरात नेल्यास, हाच प्रकार पक्क्या बांधकामापेक्षा परिसरावर कमी भार टाकणारा ठरतो. २०२१ च्या धोरणामागील अपेक्षाही हीच होती.

## हे सुद्धा पाहा

* पवना धरण
* भीमाशंकर अभयारण्य
* मुळशी सत्याग्रह
* कृषी पर्यटन
* हिंजवडी